अठरा शिंपल्या आणि एक पिल्लू

सासूबाई मोक्पोच्या बोटीत बसून लेकीकडे गेल्या त्याला चार दिवस झाले होते, आणि तेवढ्यात जोंगनिमनं घरातल्या यच्चयावत गोधड्यांच्या खोळी उसवून काढल्या होत्या. तांदळाच्या खळीत बुडवलेल्या पांढऱ्या खोळी अंगणभर वाळत होत्या. त्यांच्यामागे घर दिसत नव्हतं. आतला कापूस ओसरीवर ढीग करून ठेवलेला. एवढा पसारा तिनं एरवी मांडला नसता. पण सासूबाई यायला अजून जवळजवळ महिना आहे, अशी तिची समजूत होती. आणि पिल्लू यायलाही.

हे अठ्ठ्याहत्तर सालचं. कोरियातल्या जिंदो बेटाला तेव्हा पूल नव्हता आणि त्या गावात सुनांना त्यांच्या नावानं कुणी हाक मारत नसे. माहेरच्या गावाचं नाव हेच सुनेचं नाव. जोंगनिमचं माहेर बेटाच्या दुसऱ्या टोकाला, दोलसम नावाच्या वस्तीत. म्हणून ती इथे दोलसमची. लग्नाला आठ महिने झाले होते. त्यातले पहिले चाळीस दिवस नवरा घरी होता, मग हान्सॉप सौदीच्या वाळवंटात रस्ते बांधायला गेला. गावोगावचे तरणे पुरुष तेव्हा तिकडे जात. महिन्याला एक पत्र येई, त्यात उन्हाचं वर्णन फार आणि बाकीचं थोडं. सासू-सासरे माणसं भली. तेरा वर्षांची नणंद मिओक शाळेतून आली की वहिनीच्या मागे मागे असे. पण दिवसातून एकदा तरी कुणाला पोटाशी धरावं, त्याच्या कानामागे खाजवावं आणि मनातलं काहीबाही बोलावं, असं या घरात कुणी नव्हतं.

माहेरी होतं. माहेरची पांढरी कुत्री लग्नाच्या दिवशी बसमागे किती लांब धावत आली होती! मागच्या काचेतून तो ठिपका लहान लहान होत गेला, तेव्हाच जोंगनिमला पहिल्यांदा कळलं की आपण खरंच चाललो. त्याच कुत्रीला या हिवाळ्यात पिल्लं झाली. वडिलांचा निरोप आला, ‘एक नर तुझ्यासाठी ठेवलाय. आईसारखाच पांढरा. एक कान उभा राहिलाय, दुसऱ्याला अजून कळायचंय.’

सासूबाईंना विचारायला जोंगनिमला नऊ दिवस लागले.

त्याला कारण होतं. तीन वर्षांपूर्वी या घरात एक पिवळा कुत्रा होता. सासूबाई भरती ओसरली की चिखलात शिंपल्या काढायला जात, तेव्हा तो त्यांच्या टोपलीची राखण करी. त्या काळी गावातून वर्षाकाठी एकदा उंदीर मारायचा दिवस असे. भोंग्यावरून पुकारा होई, घरोघरी विषाची पुडी वाटली जाई, आणि ठरल्या संध्याकाळी सगळ्या गावानं एकदमच विष ठेवायचं. शाळेतल्या पोरांना उंदरांच्या शेपट्या आणायला सांगत. कुत्री बांधून ठेवा, असंही भोंगा सांगे. पिवळ्याला बांधलंही होतं. आठ दिवसांनी, आता काय भीती म्हणून सोडला, आणि कुठल्याशा कोपऱ्यात राहिलेला घास त्यानं खाल्ला. सासूबाईंनी साबणाचं पाणी पाजलं, मांडीवर घेतला, पण तो सुटला आणि ओसरीखाली आत आत जाऊन मेला. मामंजींनी त्याला बांबूनं ओढून बाहेर काढला. हे सगळं जोंगनिमला शेजारणींनी सांगितलं. सासूबाईंनी कधीच नाही.

दहाव्या दिवशी तिनं विचारलं, तेव्हा सासूबाई मडक्यांपाशी होत्या. घरामागच्या ओट्यावर त्यांची सोयाबीनच्या आंबवणाची मडकी ओळीनं उभी असत. त्यांच्या गळ्यात गवताचा दोर, दोरात लाल मिरच्या आणि कोळसे. सासूबाईंनी एकेका मडक्याचं पोट फडक्यानं पुसलं. शेवटचं पुसून झाल्यावर म्हणाल्या,

“आण.”

“आई, खरंच?”

“पुढचं ऐक आधी. गेल्या महिन्यात तुझ्या मामंजींनी घरभर विष ठेवलंय. शिंपल्यांत घालून. एकूण एक शिंपली उचलायची. उभ्यानं नाही बघायचं, रांगत बघायचं; पिल्लू किती उंच असतं तेवढं व्हायचं. मी आले की पहिलं तेच विचारीन. एक जरी राहिली, तर ज्या बसनं ते आलं त्याच बसनं माघारी. मग रडायचं नाही.”

“नाही रडणार.”

“आत्ताच रडतेयस.”

जोंगनिमनं बाहीला डोळे पुसले. “मग बाबांना कधी घेऊन यायला सांगू?”

“एकोणीसला. त्या दिवशी कुठल्याच बाजूला दिशाशूल नसतं. मीही त्याच दिवशी येते.”

त्या गेल्या, आणि जोंगनिमनं भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. एप्रिलची एकवीस. म्हणजे एकोणीस होऊन गेली. पुढची एकोणीस मे महिन्यात. सासूबाई महिनाभर राहणार तर! नातवाला शंभर दिवस पुरे होत होते, त्याचं कौतुक, मग लेकीच्या दुकानात मदत. का नाही राहणार? बसमध्ये तिकिटं फाडणाऱ्या मुलीपाशी तिनं वडिलांना निरोप धाडला. ‘एकोणीसला या. सासूबाई म्हणतात, त्या दिवशी दिशाशूल नाही.’ आणि ती मजेत गोधड्या उसवायला बसली.

तर पंचवीस तारखेला दुपारची बस आली. बस गावात शेवटपर्यंत येई, वडाएवढ्या जुन्या झेल्कोव्हाच्या झाडाला वळसा घाली आणि थोडी थांबून माघारी जाई. तिकिटवाली मुलगी खाली उतरून थेट खोळींच्या आडून ओरडली,

“दोलसमची वहिनी! अगं, आहेस कुठे? सगळं घर गुंडाळून ठेवलंयस की काय?”

“काय गं?”

“तुझे बाबा स्टँडवर बसलेत. मांडीवर टोपली, टोपलीत ते. या बसला गर्दी होती ना, चेंगरेल म्हणाले. चारच्या बसनं येतात. तुझी सासूही तेव्हाच येईल, मोक्पोची बोट तीनला लागते.”

जोंगनिमच्या हातातलं धोपटणं खाली पडलं. “आज? आज कसे येतील? एकोणीसला यायचंय!”

“मग आज काय आहे?”

“पंचवीस!”

तिकिटवालीनं तिच्याकडे असं बघितलं, जणू बिचारीला ऊन लागलंय. “मला नाही माहीत बाई. तुझा निरोप मी जसाच्या तसा दिला. तुझे बाबा म्हणाले, दिशाशूल नसलेली एकोणीस ना, मग झालं.” आणि बसच्या पत्र्यावर दोन थापा मारून ती गेलीसुद्धा.

जोंगनिम धावत आत गेली. कॅलेंडरवरच्या ठसठशीत पंचवीसच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरांत चंद्राची तारीख छापलेली होती. तिसरा महिना, एकोणीस.

अगदी शेंबड्या पोरालाही कळावं. दिशाशूल असतं ते चंद्राच्या तारखेला. छापील तारखेला कसलं आलंय दिशाशूल! पण तिचे वडील शाळेत शिपाई. माहेरी घंटा, सुट्ट्या, वाढदिवस, सगळं छापील तारखेवर चाले. ती तशीच वाढली, आणि जे ऐकलं ते नीट ऐकलंच नाही. वडिलांनी मात्र निरोपातला तो एक शब्द बरोबर धरला.

मामंजी पडवीत गवताचा दोर वळत बसले होते.

“मामंजी! आज एकोणीस आहे!”

“हो की.”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“म्हणजे काय? चार दिवस मोजतोय. पिल्लू यायचं ना आज?” त्यांनी दोराला पीळ दिला. “हा त्याच्यासाठीच वळतोय.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू गोधड्या धुवायला काढल्यास. मला वाटलं, त्याच्यासाठीच. म्हटलं, दोलसमला कुत्र्यांचा थाट मोठा असेल.”

रडावं की हसावं ते जोंगनिमला कळेना. वेळ दोन्हीलाही नव्हता. तिनं बाह्या वर केल्या. भीती होती, पण भीतीच्या खालून काहीतरी उकळी फुटल्यासारखं वर येत होतं. आज. महिन्यानं नाही, आज!

तेवढ्यात मिओक शाळेतून आली. दप्तर कापसाच्या ढिगात फेकून ती दोनदा गोल फिरली. “आज? वहिनी, आज? मी त्याच्याजवळ झोपणार!”

“आधी शिंपल्या शोधा, वन्सं. किती होत्या आठवतंय?”

“अठरा. भात मीच कालवला ना काठीनं. बाबांनी अठरा शिंपल्या मागितल्या, मी ढिगातून मोजून दिल्या.”

“मामंजी, कुठे कुठे ठेवल्यात?”

म्हाताऱ्यानं डोळे मिटले. “त्या दिवशी गावच्या कारभाऱ्याकडे दारू होती, तांदळाची,” ते प्रामाणिकपणे म्हणाले. “दोन्ही पेट्यांमागे ठेवल्या, तेवढं पक्कं आठवतंय.”

मग सुरू झालं. जोंगनिम गुडघ्यांवर आली आणि घराला रांगत फेरा घालू लागली. चिमटा तिच्या हातात, झाकणाचा पत्र्याचा डबा मिओकच्या. पेट्यांमागे दोन. तांदळाच्या कणगीखाली एक. कोंबड्यांच्या खुराड्यामागे तीन ओळीनं, जणू उंदरांची पंगत बसायची होती. लाकडांच्या रचणीत दोन. चिमट्यात शिंपली आली की मिओक जोरात आकडा ओरडे आणि डब्यात खण्ण वाजे. शेजारची म्हातारी कुंपणावरून डोकावली.

“काय गं दोलसमचे, काय हरवलं?”

“विष शोधतेय, काकू!”

“सासू यायच्या दिवशी? अगं बाई!” म्हातारी खो खो हसली. “पिल्लू येतंय होय? थांब, माझ्याकडे सफरचंदांची पेटी आहे. चांगली मजबूत आहे, पण नातवानं तीत बसून होडी केली होती, तळाला भोक आहे. मुतायला बरंच की.”

पेटी आली. मामंजींनी तिचं एक अंग कापून दार केलं, कडा दगडानं घासून गुळगुळीत केल्या, आत ताजं गवत दाबलं. मग स्वतः ओणवून डोकं आत घातलं आणि म्हणाले, “वारा येतोय,” आणि मागची फट चिखलानं लिंपली. जोंगनिमनं पाहिलं, म्हातारा शीळ घालत होता.

रांगत बघितलं की घर वेगळंच दिसतं. आठ महिने जे घर तिनं झाडलं, पुसलं, त्यात इतकी भोकं, इतकी टोकं आहेत हे तिला माहीतच नव्हतं. कुंपणाच्या खालच्या दगडांत पिल्लाचं डोकं सहज मावेल अशी दोन भगदाडं. तिनं चिखल-दगडांनी बुजवली. खोल्यांची जमीन तापवणाऱ्या चुलीचं तोंड जमिनीलगत, सदा उघडं. थंडी वाजली की पिल्लं उबेला राखेत शिरतात आणि भाजतात. त्याला जुन्या पत्र्याचं झाकण केलं. ओसरीच्या पायरीवर ओळीनं ठेवलेले रबरी बूट मिओकनं सुतळीत ओवून खुंटीला टांगले. कांद्याची माळ टांगतात तसे दिसत होते. मडक्यांच्या ओट्याभोवती मामंजींनी बांबूच्या कामट्या रोवल्या. खळीतल्या खोळी अर्ध्या ओल्याच गोळा केल्या, कापूस खोलीत कोंबला, दार ओढून घेतलं. दार बंद होईना. मिओक त्याला पाठ लावून बसली, तेव्हा झालं.

साडेतीन वाजता डब्यात सतरा शिंपल्या होत्या.

अठरावी नव्हती.

पुन्हा पहिल्यापासून. गोठ्याच्या आढ्यावर, दळायच्या जात्याखाली, राखेच्या ढिगापाशी, संडासाच्या भिंतीमागे. ओसरीखाली जोंगनिमनं आडवं पडून हात जाईल तेवढा आत घातला. हाताला कोळिष्टकं लागली. आत अंधार होता. “तिकडे नाही ठेवली,” मामंजी घाईनं म्हणाले आणि दुसरीकडे बघू लागले. तिकडे त्या घरातलं कुणीच वाकून बघत नसे.

गावाबाहेरच्या वळणावर बसचा भोंगा वाजला.

“वहिनी,” मिओक अगदी हळू म्हणाली, “अठरा होत्या हे फक्त मला माहीत आहे. बाबा तर विसरलेत. ढिगातून एक शिंपली आणून डब्यात टाकते. झाल्या अठरा.”

किती सोपं होतं! परसात शिंपल्यांचा ढीग कमरेइतका होता. उंदीर खाऊन गेला असेल ती अठरावी, शिंपली कोंबडीनं उडवली असेल. असेलच. शंभरातून नव्याण्णव वेळा तसंच असेल.

“चला,” ती म्हणाली. आपण काय करणार ते तिचं तिलाच ठरलं नव्हतं.

बस झाडाला वळसा घालून थांबली. आधी वडील उतरले. नवा कोट, तोंड घामानं डबडबलेलं. व्याही-विहिणीनं एका बसमध्ये पाऊण तास बसायचं म्हणजे दोघांनाही शिक्षाच. बस उसळली की विहिणीला नमस्कार घडत होता, असं नंतर तिकिटवाली सांगत असे. मागून सासूबाई उतरल्या. त्यांच्या निळ्या, फक्त समारंभाला घालायच्या घेरदार झग्यावर छातीपासून गुडघ्यापर्यंत मोठा ओला डाग होता.

टोपली वडिलांच्या हातात होती, पण रिकामी.

पिल्लू सासूबाईंच्या बाहीत होतं. एक कान उभा, एक पडलेला. डोळे किलकिले करून ते गावाकडे बघत होतं.

“धर,” सासूबाई म्हणाल्या. “ओकलंय माझ्यावर. दोनदा.”

जोंगनिमनं धरलं. ऊन ऊन पोट, दुधाचा आणि जुन्या गवताचा वास. दोलसमच्या घरामागच्या गोठ्याचा वास, जसाच्या तसा. पिल्लानं तिची हनुवटी चाटली आणि मग, मातीची चव आवडली असावी, पुन्हा चाटली. मिओक आनंदानं किंचाळली. मामंजी शेजारी येऊन उगाच खाकरले. सगळेच हसत होते.

“शिंपल्या?” सासूबाईंनी विचारलं.

बसचं इंजिन धडधडत होतं. ड्रायव्हर उतरून सिगारेट पेटवत होता. ती संपली की तो निघणार. मिओकनं डबा पुढे केला आणि वहिनीच्या तोंडाकडे पाहिलं. पिल्लाचं काळीज जोंगनिमच्या तळव्यावर टकटकत होतं.

“सतरा सापडल्या, आई,” ती म्हणाली. “होत्या अठरा. एक नाही सापडली.”

सासूबाईंनी डब्यात बघितलं. वडिलांना हा काय प्रकार आहे ते कळेना, पण मुलीचा चेहरा कळला. ते वाकून म्हणाले, “विहीणबाई, अडचण असेल तर मी नेतो परत. त्यात काय! मी आहेच, बसही आहे.”

“तुम्ही थांबा, व्याहीबुवा.”

“आजी, येतंय का ते?” तिकिटवालीनं दारातून विचारलं. “का राहतंय? वाटेत तर टोपलीत ठेवू देत नव्हतात कुणाला. म्हणत होतात, धक्के बसतात त्याला.”

“तुझं तोंड बंद कर आणि तिकिटं फाड,” सासूबाई म्हणाल्या. त्यांचे कान लाल झाले होते. “जा! ने तुझी बस.”

बस गेली. धूळ खाली बसली तरी जोंगनिम तिथेच उभी होती. सासूबाई पुढे निघाल्या, मग वळल्या.

“आता काय पालखी आणू? चल. अठरा होत्या म्हणालीस ते बरं झालं. सगळ्या सापडल्या म्हणाली असतीस, तर मी सोडलं असतं त्याला अंगणात.” खांद्यावरच्या बोचक्यातून त्यांनी नातवाला पाठीशी बांधायचं रुंद दुपटं काढलं. “वाक.”

“आई?”

“वाक म्हणते ना. ती शिंपली मिळेपर्यंत याचा पाय जमिनीला लागायचा नाही.”

आणि त्यांनी पिल्लू जोंगनिमच्या पाठीवर ठेवून, दुपटं गुंडाळून, छातीवर करकचून गाठ मारली. पिल्लाचं तोंड तिच्या खांद्यावरून बाहेर आलं. अशी वरात गावातून निघाली. कुंपणाकुंपणावरून बायका ओरडत होत्या, “दोलसमचे, कुणावर गेलंय गं? हान्सॉपवर की तुझ्यावर?” जोंगनिम लाजेनं लाल झाली, आणि अशी हसत सुटली की पाठीवरचं ओझं गदगद हललं.

घरी आल्या आल्या सासूबाईंनी अंगणाच्या मधोमध नवऱ्याला उभं केलं.

“आता सांगा. त्या संध्याकाळी काय काय केलंत?”

“कारभाऱ्याकडून आलो.”

“ते वासावरून कळलंच होतं. मग?”

“मग खुराडं. मग लाकडं. मग—” म्हातारा घुटमळला. “तू ओसरीवर लसूण सोलत बसली होतीस. पाय खाली सोडून.”

“हो. बसले होते.”

“तूच म्हणालीस, फळीखाली खुडबुड ऐकू येते म्हणून. मग मी झाडावरची पर्सिमनची फळं काढायचा बांबू घेतला आणि तुझ्या पायांमागून एक शिंपली आत ढकलली. तू म्हणालीस, आणखी आत, उजवीकडे.” तो थांबला. “मी वाकून नाही बघितलं.”

सासूबाई ओसरीकडे बघत होत्या. तीन वर्षं त्या रोज त्या फळ्या पुसत होत्या, तेल लावून लावून आरशासारख्या केल्या होत्या, आणि खाली एकदाही पाहिलं नव्हतं.

“मीच सांगितलं,” त्या म्हणाल्या. “उजवीकडे.”

मग एकदम, नेहमीच्या करकरीत आवाजात, “फळी काढा.”

“काय?”

“ऐकू येत नाही? तिथवर माणसाचा हात जात नाही. बांबूनं ओढायला गेलात तर भात सांडेल, मग बसा शितं वेचत. ओसरीची फळी काढा.”

“अगं, माझ्या वडिलांनी बसवलीय ती! त्यात एक खिळा नाही. खाचेत खाच—”

“शेवटची कोणती बसवली ते सांगा, तीच पहिली निघेल. व्याहीबुवा, तुम्हाला पहार धरता येते?”

“शाळेतली बाकं मीच दुरुस्त करतो,” जोंगनिमचे वडील म्हणाले, आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचा आवाज मोकळा झाला. नवा कोट काढून त्यांनी खुंटीवर, बुटांच्या माळेशेजारी लटकवला.

दोघं म्हातारे ओसरीवर गुडघे टेकून बसले. पहार खाचेत गेली. लाकूड करकरलं, नंतर कण्हलं. “सावकाश, सावकाश!” मामंजी ओरडत होते. “टोक मोडेल!” “मोडू दे,” सासूबाई म्हणत होत्या. पिल्लू जोंगनिमच्या कानापाशी तोंड आणून प्रत्येक करकरीला बारीक भुंकत होतं. पहिल्यांदाच भुंकत असावं, कारण दर वेळी स्वतःच दचकत होतं. मिओक टाळ्या पिटत होती. शेजारची काकू कुंपणावर चढूनच बसली होती.

फळी निघाली. चांगली हातभर रुंद पट्टी उघडी पडली, आणि तीन वर्षांच्या काळोखात संध्याकाळचं ऊन सरळ उतरलं. धूळ, एक जुना चमचा, मिओकची हरवलेली सागरगोटी. आणि अगदी उजवीकडे, जोत्याच्या दगडाला टेकून, पांढरी शिंपली. आत वाळून खडा झालेला भाताचा घास, आख्खा.

सासूबाईंनी चिमटा मागितला. स्वतः ओणवल्या, स्वतः उचलली, डब्यात टाकली.

“अठरा,” मिओक म्हणाली. या वेळी ती ओरडली नाही.

झाकण लागलं. डबा मामंजींच्या हातात देऊन सासूबाई म्हणाल्या, “कारभाऱ्याकडे नेऊन द्या. दारात द्या आणि दारातूनच परत या.” नंतर त्या बराच वेळ त्या उघड्या पट्टीतून खाली बघत राहिल्या, गुडघ्यांवर, दोन्ही तळवे फळ्यांवर टेकून. जोंगनिम शेजारी बसली. पिल्लानं मान लांब करून सासूबाईंच्या अंबाड्याला नाक लावलं.

“सोड त्याला,” त्या वर न बघता म्हणाल्या. “पाय मोकळे करू दे.”

जोंगनिमनं गाठ सोडली. पिल्लू ओसरीवर उतरलं, चारी पाय चार दिशांना घसरले, उठलं, अंग झाडलं. सगळ्यांकडे एकदा बघितलं. पेटीचं घर होतं, ताजं गवत होतं, बुजवलेलं कुंपण, झाकलेली चूल, कामट्यांचा कुडाण. आख्खं घर त्याच्यासाठी सजलं होतं. त्यानं त्यातलं काहीही पाहिलं नाही. तीन उड्या मारल्या आणि फळीच्या भगदाडातून सरळ ओसरीखाली नाहीसं झालं.

“अरे! अरे धरा!”

“वन्सं, पलीकडून जा!”

“व्याहीबुवा, तुम्ही त्या बाजूनं! उभे काय राहिलात, आडवे पडा!”

आणि मग निळ्या घेराच्या सासूबाई आणि दोलसमचे शाळाशिपाई, ज्यांनी बसमध्ये बसल्यापासून एकमेकांकडे मान वर करून पाहिलं नव्हतं, ते ओसरीच्या दोन अंगांना पोटावर आडवे पडले. खालून फक्त धुळीत शेपूट आपटल्याचा आवाज येत होता. सासूबाईंनी हात आत घातला, खांद्यापर्यंत, गाल मातीला टेकवून.

“ये,” त्या म्हणत होत्या. जोंगनिमनं त्यांचा असा आवाज आठ महिन्यांत ऐकला नव्हता. “ये रे राजा. ये माझ्याकडे. काही नाही तिथे आता, काहीसुद्धा नाही. भात वाढते तुला मासळीचा. ये, बाहेर ये.”